बंदरात जहाजांची टक्कर आणि इंधनगळती: खंभातच्या आखातात तवंग वळवायचा कसा

बडोद्याला समुद्र नाही. पण रोज पहाटे मकरपुरा, मांजलपूर, दांडिया बाजारातून दहेज बंदराकडच्या कंपनी-बसमध्ये चढणारी मराठी मंडळी काही कमी नाहीत. कुणी जेट्टीवर शिफ्ट इन्चार्ज, कुणी सेफ्टीत, कुणी टगच्या (जहाजं ओढणाऱ्या बोटीच्या) कंत्राटदाराकडे. हा लेख त्यांच्यासाठी आहे. सायरन झाला की सगळे बूमच्या (तवंगाला आवरणाऱ्या तरंगत्या पट्ट्याच्या) कंटेनरकडे धावतात, बूम प्रवाहाला काटकोनात ताणतात आणि वीस मिनिटांनी तेल बूमच्या पलीकडे दिसतं. मग दोष बूमवर येतो. प्रत्यक्षात चूक क्रमाची असते आणि कोनाची. शांत गोदीसाठी लिहिलेली पद्धत आठ-नऊ मीटर भरती-ओहोटीच्या पाण्यात चालत नाही.

एक गोष्ट आधीच पक्की करा. इथे तेल अडवायचं नसतं, वळवायचं असतं.

## टप्पा १: टक्कर होण्याआधी काय तयार हवं

सामान जेट्टीवरच हवं. बडोद्याच्या गोदामातून ट्रक निघाला, तर दहेजला पोचायला दोन-अडीच तास. भरतीपासून ओहोटीपर्यंत मिळतात सव्वासहा तास. म्हणजे बूम पाण्यात पडायच्या आत अर्धी भरती गेलेली असते.

- बूम: जहाजाला वेढा घालायचा तर जहाजाच्या लांबीच्या तिप्पट. १८० मीटरच्या जहाजाला ५४० मीटर. जोडपट्ट्या सगळ्या एकाच जातीच्या हव्यात. दोन कंपन्यांचे बूम अनेकदा एकमेकांना जोडले जात नाहीत, हे बहुतेकांना पाण्यातच कळतं.
- नांगर: चिखलाच्या तळाला डॅनफोर्थ जातीचे, सुमारे १५ किलोचे. दोर पाण्याच्या खोलीच्या किमान पाचपट, आणि ती खोली उधाणाच्या भरतीची धरायची. ओहोटीला ६ मीटर पाणी असेल तर भरतीला ते १४ होतं, म्हणजे दोर ७० मीटर. ओहोटीच्या हिशोबाने ३० मीटर दिलात तर भरती चढताना दोर उभा होतो आणि नांगर उखडतो.
- धक्क्यावरचा स्लायडर: बूमचं टोक पाण्याबरोबर वर-खाली सरकायला हवं. बोलार्डला (धक्क्यावरच्या दोर बांधायच्या खुंटाला) थेट बांधलेलं टोक ओहोटीत हवेत लटकतं आणि भिंतीलगत दार उघडं राहतं.
- स्किमर (पाण्यावरचं तेल उचलणारं यंत्र): एक डिस्क किंवा ड्रमचा (डिझेल व हलक्या तेलासाठी) आणि एक ब्रशचा (फर्नेस ऑइलसाठी).
- गॅस मीटर: चार वायूंचा, कॅलिब्रेशनची तारीख न उलटलेला.
- भरती-ओहोटीचं वेळापत्रक: कंट्रोल रूमच्या भिंतीवर आणि प्रत्येक बोटीत. मोबाईलमध्ये आहे, एवढ्यावर भागत नाही.

तपासा: बूमची घडी अशी हवी की सर्वात बाहेर जाणारं टोक सर्वात वर येईल. उलटी घडी सोडवण्यात अर्धा तास जातो.

## टप्पा २: पहिली पंधरा मिनिटं – जहाज, आग, हवा

या पंधरा मिनिटांत बूमला हात लावायची गरज नाही.

१. अडकलेली जहाजं ओढून वेगळी करू नका. एकाचा बाऊ (पुढचं टोक) दुसऱ्याच्या कुशीत घुसला असेल, तर तोच सध्या भोकाचं बूच आहे. किती पाणी शिरलं, कुठली टाकी फुटली, वेगळं केल्यावर जहाज तरंगेल का, याचं उत्तर मिळेपर्यंत इंजिन मागे घेऊ नये. शिवाय पत्र्यावर पत्रा घासून ठिणगी उडते ती वेगळीच.

२. फुटलेल्या टाकीतलं तेल आतल्या आत हलवा. शाबूत टाकीत पंप करा आणि शक्य असेल तर जहाज दुसऱ्या कुशीवर थोडं कलतं करा, म्हणजे भोक वर येईल. कलतं करण्याआधी स्थिरतेचा हिशोब मास्टर आणि चीफ इंजिनिअरनेच करायचा. जेट्टीवरून ओरडून सांगायची ही गोष्ट नव्हे. डेकवरचे स्कपर (पाणी बाहेर जायची भोकं) बंद करा. ४०० ग्रॉस टनांवरच्या प्रत्येक जहाजावर आणि १५० ग्रॉस टनांवरच्या टँकरवर सोपेप योजना (तेलगळती झाली तर काय करायचं याचा जहाजाचा आराखडा) असते. ती फाइल उघडायला सांगा.

३. हवा मोजा. वाऱ्याच्या वरच्या अंगाने या. ज्वालाग्राही वाफ स्फोटमर्यादेच्या १० टक्क्यांवर गेली, हायड्रोजन सल्फाइड १० पीपीएमवर गेला किंवा ऑक्सिजन १९.५ टक्क्यांखाली आला, तर माणसं मागे.

इथे एक गैरसमज फार आहे, ‘डिझेल पेटत नाही’. जहाजी इंधनाचा फ्लॅश पॉइंट (वाफ पेट घेऊ शकते ते तापमान) नियमाने किमान ६० अंश असतो, पण मासेमारी बोटीत किंवा लहान बार्जमध्ये पंपावरचं साधं डिझेल असू शकतं आणि त्याची मर्यादा ३५ अंशांपासून सुरू होते. मे महिन्यात दुपारी डेकचा पत्रा याहून किती तरी तापलेला असतो. असं डिझेल जहाजाला खेटून बूममध्ये कोंडणं म्हणजे वाफेचा हौद तयार करणं. मीटर शांत असेल तरच वेढा, नाहीतर तवंगाला जहाजापासून दूर वाहू द्या आणि पुढे गाठा.

इशारा: फोमची फवारणी, भांडी घासायचं लिक्विड, धुण्याची पावडर यातलं काहीही ‘तेल फोडायला’ टाकू नका. डिस्पर्संटही (तेलाचे बारीक थेंब करणारं रसायन) तटरक्षक दलाच्या परवानगीशिवाय नाही. उथळ, गढूळ बंदरात आणि किनाऱ्यालगत ते वापरायचं साधन नव्हेच. डिझेलवर तर ते वाया जातं.

## टप्पा ३: कळवणं, आणि दारं बंद करणं

मास्टरने व्हीएचएफ चॅनल १६ वर पोर्ट कंट्रोलला, पोर्ट कंट्रोलने तटरक्षक दलाला (टोल-फ्री १५५४), गुजरात मेरिटाइम बोर्डाला, प्रदूषण नियंत्रण मंडळाला आणि भरूच जिल्हा प्रशासनाला. पहिल्या निरोपात इतकंच हवं: वेळ, जागा, दोन्ही जहाजांची नावं, इंधनाचा प्रकार, गळती चालू आहे की थांबली, वारा, प्रवाह, आतापर्यंत काय केलं. आकडा ठाऊक नसेल तर ‘मोजणी चालू’ म्हणा. ‘किरकोळ गळती’ हा शब्द वापरू नका. त्या एका शब्दापायी मदत उशिरा निघते.

माल काय आहे तेही विचारा. ऑगस्ट २०१० मध्ये मुंबई बंदराबाहेर एमएससी चित्रा आणि खलिजिया-३ यांच्या टकरीत तेलाबरोबर कंटेनरही समुद्रात पडले, आणि काहींत कीटकनाशकं होती.

नंतर दारं. समुद्राचं पाणी खेचणारे कंपन्यांचे इनटेक बंद करायला लावा. मिठागरांची गेटं पुढची भरती चढायच्या आत बंद व्हायला हवीत. एकदा तवंग आगरात शिरला की मीठही गेलं आणि मातीही. नर्मदेच्या मुखात भरतीबरोबर तेल नदीत वर चढतं, म्हणून भाडभूतच्या मच्छीमारांना जाळी उचलायला कळवा. पावसाळा असेल तर आधी त्यांनाच, कारण हिलसा याच दिवसांत नदीत चढते.

## टप्पा ४: पाणी वाचा

इथल्या खलाशांची ‘ओट’ म्हणजे आपली ओहोटी. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीच्या सुमारास भांग. आज यातलं काय आहे यावर पुढचं सगळं ठरतं.

बाराव्या हिश्शाचा नियम पाठ हवा. भरतीच्या सहा तासांत पाणी अनुक्रमे १, २, ३, ३, २, १ असे बारावे भाग चढतं. आठ मीटरची भरती असेल तर पहिल्या तासात पाऊण मीटरही नाही, पण तिसऱ्या आणि चौथ्या तासात मिळून चार मीटर. या मधल्या दोन तासांत बूम लावायला जाणं म्हणजे दोर, नांगर आणि माणसं धोक्यात घालणं. पाणी उभं राहतं ती वेळ, म्हणजे भरती-ओहोटी पालटताना, हीच कामाची वेळ. वेळापत्रकातली पूर्ण भरतीची वेळ आणि प्रवाह थांबण्याची वेळ दर जागी जुळेलच असं नाही, म्हणून पाण्याकडे बघून खात्री करा.

प्रवाह मोजायला यंत्र नको. सोललेला नारळ घ्या. तो बराचसा पाण्यात बुडून तरंगतो, त्यामुळे वारा त्याला फार ढकलत नाही. जेट्टीवर ५० मीटरच्या दोन खुणा करा, वरच्या अंगाला नारळ टाका, सेकंद मोजा. ५० भागिले सेकंद म्हणजे मीटर प्रतिसेकंद, आणि त्याची दुप्पट म्हणजे साधारण नॉट (ताशी सागरी मैल). १०० सेकंद लागले तर एक नॉट.

तपासा: ५० मीटरला १४० सेकंदांपेक्षा कमी लागले, तर प्रवाह ०.७ नॉटच्या वर आहे. काटकोनातला कोणताही बूम तेल धरणार नाही, मग तो कितीही महागाचा असो.

तवंग कुठे जाईल? प्रवाहाचा पूर्ण वेग, अधिक वाऱ्याच्या वेगाचे ३ टक्के. २० नॉट वारा असेल तर ०.६ नॉट वाऱ्याच्या दिशेने. कागदावर दोन बाण काढून जोडा, दोन मिनिटांचं काम आहे.

## टप्पा ५: तेल किती, याचा अंदाज

रंगावरून जाडी कळते. रुपेरी चमक असेल तर एका चौरस किलोमीटरला ४० ते ३०० लिटर. इंद्रधनुषी असेल तर ३०० ते ५,०००. धातूसारखी झाक असेल तर ५,००० ते ५०,०००. सलग काळं-तपकिरी दिसलं तर दोन लाख लिटरच्या वर. ५०० बाय २०० मीटरची रुपेरी चमक म्हणजे फक्त ४ ते ३० लिटर, आणि ५० बाय ५० मीटरचा काळा डाग म्हणजे किमान ५०० लिटर. मोठ्या चमकीच्या मागे बोटी पळवतात आणि काळा डाग तसाच राहतो, हे दर वेळी घडतं.

आखाताचं पाणी गढूळ, चहासारखं. त्यावर रुपेरी चमक नीट दिसत नाही, म्हणून उंचावरून, सूर्य पाठीशी घेऊन बघा. हा आकडा टाकीच्या साउंडिंगशी (आतल्या तेलाच्या पातळीच्या मोजणीशी) ताडून पाहा. देशाच्या आराखड्यात ७०० टनांपर्यंतची गळती पहिल्या स्तरात मोडते आणि तिची तयारी बंदराचीच असावी लागते.

## टप्पा ६: बूम

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून थोडं थांबून वाचा.

घरी परातीत पाणी घ्या, चमचाभर गोडेतेल टाका आणि फुटपट्टी उभी धरून हळू ओढा. तेल पट्टीपुढे जमतं. आता जरा जोरात ओढा. पुढे जमलेल्या तेलाच्या पोटातून थेंब सुटतात आणि पट्टीखालून मागे निघतात. पट्टी आणखी खोल धरलीत तरी तेच. बूमचा स्कर्ट (पाण्याखाली लोंबणारा पडदा) खोल असला म्हणजे तेल थांबेल, ही समजूत परातीतच मोडते. तेल निसटतं ते वेगामुळे.

उपाय तिरकेपणा. प्रवाहाच्या दिशेशी बूमचा कोन असा:

- ०.७ नॉटपर्यंत: ९० अंश
- १ नॉट: ४५ अंश
- १.५ नॉट: २८ अंश
- २ नॉट: २० अंश
- ३ नॉट: १३ अंश

तिरका बूम लांब लागतो. १०० मीटर रुंदीचा पट्टा २ नॉटला झाकायचा तर साधारण २९० मीटर, ३ नॉटला ४४० मीटरच्या वर. ३ नॉटच्या पुढे हा खटाटोप सोडा आणि पाणी मंदावायची वाट बघा. वाट बघणं वरिष्ठांना पटवणं कठीण जातं हे खरं, पण तुटलेला बूम परत मिळत नाही.

ताण किती येतो: पाण्याखालचं क्षेत्रफळ चौरस मीटरमध्ये, गुणिले वेगाचा वर्ग (मीटर प्रतिसेकंद), गुणिले १००, म्हणजे किलो. १०० मीटर बूम, अर्धा मीटर स्कर्ट, काटकोनात, अर्धा मीटर प्रतिसेकंद: १,२५० किलो. वेग दुप्पट झाला की ५,००० किलो. मासेमारीच्या बोटीने तो धरून ठेवा म्हणणं अन्याय आहे.

लावण्याचा क्रम

१. वरच्या अंगाचं टोक आधी पक्कं करा, मग बूम प्रवाहाबरोबर खाली सोडा. प्रवाहाविरुद्ध कधीही ओढू नका.
२. खालचं टोक अशा कोपऱ्यात आणा जिथे प्रवाह मंद आहे आणि स्किमर उभा राहतो. ही जागा दिवसाउजेडी, आधीच ठरवलेली असावी.
३. मधले नांगर टाका, दीड नॉटला साधारण दर २५-३० मीटरला एक. नांगर कमी पडले की बूमला पोट सुटतं, आणि त्या पोटात कोन पुन्हा काटकोन होतो. बाकी सगळा बूम बरोबर असूनही तेल तिथूनच जातं.
४. खांबांवरची जेट्टी म्हणजे भिंत नव्हे. तेल खांबांमधून पलीकडे जातं. बूम जेट्टीच्या मागच्या बाजूलाही हवा.

इशारा: ओहोटीत पकडलेलं तेल भरती लागताच तुमच्याच सापळ्यातून उलटं बाहेर पडतं. पाणी पालटण्याआधी तेल साचलेला कोपरा रिकामा करा, किंवा उलट दिशेचा दुसरा बूम आधीच तयार ठेवा. कंट्रोल रूममधल्या एका माणसाला फक्त ‘पालटायला ३० मिनिटं’ हे ओरडायचं काम द्या. त्याला दुसरं काही सांगू नका.

बोटींनी ओढायचा बूम: पाण्याच्या तुलनेत ०.७ नॉटच्या आत. इथे जीपीएस फसवतो. तो जमिनीच्या तुलनेतला वेग दाखवतो. २ नॉट प्रवाहाबरोबर बोट नुसती वाहत असेल, तरी पडद्यावर २ दिसतात, आणि पाण्याच्या तुलनेत ती उभीच असते. जोरदार प्रवाहात हीच युक्ती कामी येते. तवंगासोबत वाहत जा आणि वाहता वाहता बूमचं यू बंद करत तेल गोळा करा. दोन्ही बोटींना मोकळं पाणी किती उरलंय ते मात्र आधी नकाशावर बघा.

टगला तवंगातून जाऊ देऊ नका. पंख्याने तेल घुसळलं की पाण्यात मिसळून दह्यासारखं होतं, मग ते ना पंपात जातं ना पॅडवर चिकटतं.

## टप्पा ७: उचलणं आणि साठवणं

स्किमरवर लिहिलेला आकडा विसरा. ताशी २० घनमीटरच्या स्किमरचे २० टक्के, म्हणजे ताशी ४ धरा. दिवसाच्या दहा तासांत ४० घनमीटर. त्याला २०० लिटरची २०० पिंपं लागतात, तीही काठोकाठ भरली तर, आणि काठोकाठ भरायची नसतात. काम थांबतं ते बहुतेक वेळा स्किमर बिघडून नव्हे, पिंपं संपून. १० टन जड तेलात ७० टक्के पाणी मुरलं की ते ३३ टन होतं. साठवण त्या हिशोबाने मागवा.

इंधनाचा प्रकार बघून यंत्र लावा. २०२० पासून जहाजांत आलेलं कमी सल्फरचं इंधन कधी कधी मेणासारखं थिजतं. विअर स्किमर (कडेवरून वरचा थर आत ओढणारा) त्यावर नुसतं पाणी पितो, तिथे ब्रश किंवा पट्टाच हवा. जानेवारी २०१७ मध्ये चेन्नईजवळ एन्नोरला दोन जहाजांच्या टकरीनंतर किनाऱ्याला लागलेलं घट्ट तेल माणसांनी बादल्यांनी उपसलं. अशी वेळ आलीच तर बादली प्लॅस्टिकची, हातमोजे नायट्राइलचे, कपडे सुती, आणि उन्हात दर वीस मिनिटांनी पाणी.

शोषक पॅड शेवटी. जाड तवंगावर पॅड फेकणं म्हणजे तेलाचा कचरा करून त्याचं वजन वाढवणं. पॅड शेवटच्या चमकेसाठी आणि धक्क्याच्या कोपऱ्यासाठी. लाकडाचा भुसा पाण्यात टाकू नका, तो भिजून बुडतो आणि तेल घेऊन जातो.

## टप्पा ८: किनारा

रेती आणि दगडी धक्क्यावर थोडी घाई चालते. चिखलाच्या पट्ट्यावर आणि तिवरांत नाही. एका बुटाच्या ठशाबरोबर तेल वीतभर खाली जातं आणि तिथे वर्षानुवर्षं राहतं. तिथे जेसीबी नको, दहा माणसांची रांगही नको. बोटीतून, भरतीच्या पाण्यावर, कमी दाबाने समुद्राचंच पाणी मारून तेल बाहेर बूममध्ये आणा. तिवराची पानं कापू नका, मुळं खरवडू नका. लहान खाडीचं तोंड भरतीआधी रेतीच्या गोण्यांनी बंद करता आलं तर आतलं सगळं वाचतं.

इशारा: चिखलात उतरलेल्या माणसाला भरती गाठते, तेल नव्हे. पाणी लागायच्या तासभर आधी सगळे वर.

## टप्पा ९: नमुने आणि नोंदी

काचेच्या स्वच्छ बाटल्या, प्लॅस्टिक नको. तवंगातून, आणि दोन्ही जहाजांच्या संशयित टाक्यांतून. सील, वेळ, जागा, दोन सह्या, अंधारात थंड. जहाजावर बंकरिंगच्या (इंधन भरण्याच्या) वेळचा किमान ४०० मिलिलिटरचा राखीव नमुना असतो, तोही मागा.

नोंदवही पहिल्या मिनिटापासून. कुठली बोट, किती तास, किती लिटर डिझेल, किती मजूर, किती पॅड, कोणाच्या सांगण्यावरून. भरपाईचा दावा जहाजाच्या विमा क्लबपुढे जातो, आणि तिथे ‘साधारण पाच बोटी होत्या’ याला किंमत नाही. बंकर करारानुसार (जहाजी इंधनगळतीच्या भरपाईचा आंतरराष्ट्रीय करार) नुकसान झाल्यापासून तीन वर्षांत दावा लावावा लागतो.

## टप्पा १०: कचरा, आणि सामान परत जागेवर

तेलकट पॅड, गाळ, हातमोजे हा सगळा घातक कचरा. ओला, सुका, तेलाचा असा वेगळा ठेवा. एकत्र केला की सगळ्यालाच सर्वात महाग दराने जाळावं लागतं. २०१६ च्या नियमांप्रमाणे पिंपावर फॉर्म ८ चं लेबल, ट्रकमध्ये फॉर्म ९ चं कार्ड, सोबत फॉर्म १० चं मॅनिफेस्ट, आणि साठवण ९० दिवसांपेक्षा जास्त नाही. पिंप दहा टक्के रिकामं ठेवा. बडोद्याकडे येताना उन्हात आतलं तेल फुगतं आणि झाकणातून हायवेवर गळतं, म्हणजे दुसरी गळती.

मिठागरांची गेटं उघडण्याआधी गेटाबाहेरचं पाणी पांढऱ्या बादलीत घेऊन बघा, सलग दोन भरत्यांना. इंद्रधनुष्य दिसलं तर गेट बंदच.

बूम धुताना खाली ताडपत्री आणि कडेला बांध हवा, नाहीतर धुतलेलं पाणी गटारातून परत खाडीत जातं. जोडपट्ट्यांत अडकलेली रेती काढा, स्कर्टची खालची साखळी हाताने चाचपून बघा, तुटकी कडी तिथेच सापडते. वाळल्यावर घडी घालायला सुरुवात आतल्या टोकापासून, म्हणजे बाहेर जाणारं टोक वर येईल.